२१ शिलिंग ८ पेन्स: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कामगाराच्या घरचा आठवडा

नवरा, बायको आणि तीन मुलं. एवढ्या घराला नुसतं तगून राहायला, म्हणजे कामावर जाण्याइतकी ताकद अंगात टिकवायला, आठवड्याला किती पैसे लागतात? १८९९ साली उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात सीबोम राउनट्री यांनी हा हिशोब पै-पैचा मांडला. ते तिथल्या चॉकलेट कारखानदाराचे चिरंजीव. कामगारवस्तीतली ११,५६० कुटुंबं, म्हणजे ४६,७५४ माणसं, त्यांनी घरोघर चौकशी करून नोंदवून घेतली. उत्तर निघालं: २१ शिलिंग ८ पेन्स. त्याच शहरात बिनकसबी अंगमेहनत करणाऱ्या मजुराचा आठवड्याचा पगार होता १८ ते २१ शिलिंग.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला (१८३७ ते १९०१) साधा कामगार समजून घ्यायचा तर या दोन आकड्यांमधल्या फटीत डोकवावं लागतं. धुरांडी आणि धुकं यांची चित्रं आपण पुष्कळ पाहिलेली असतात. त्या घरात सोमवारी काय चालायचं आणि शुक्रवारी ताटात काय असायचं, ते मात्र हिशोबाच्या वहीतूनच कळतं.

आधी नाणी. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पेनीचाही पाव भाग होता, त्याला फार्दिंग म्हणत. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखीच ही मोडणी. १८९९ च्या दराने एक पौंड १५ रुपयांना पडायचा, तेव्हा २१ शिलिंग ८ पेन्स म्हणजे १६ रुपये ४ आणे. पण हा आकडा मुंबईच्या पगाराशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या थंडीत कोळसा हा अन्नाइतकाच जरुरीचा होता, आणि भाव सगळेच वेगळे.

राउनट्रींच्या हिशोबात अन्नाला १२ शिलिंग ९ पेन्स धरले होते: नवऱ्याला ३ शिलिंग, बायकोला ३, आणि प्रत्येक मुलाला २ शिलिंग ३ पेन्स. भाडं ४ शिलिंग. कपडे आणि जोडे २ शिलिंग ३ पेन्स. जळण १ शिलिंग १० पेन्स. उरलेलं सगळं, म्हणजे साबण, दिवाबत्ती, भांडीकुंडी, यासाठी माणशी २ पेन्स, एकूण १० पेन्स. बेरीज करून पाहा, बरोबर २१ शिलिंग ८ पेन्स येते. यात खाटकाकडचं ताजं मांस धरलेलंच नव्हतं. वर्तमानपत्र, पोस्टाचं तिकीट, ट्रामचं भाडं, बिअरचा एक पेला, पोराला खेळणं, चर्चमध्ये टाकायची पेनी, यांतलं काहीही नव्हतं. माणूस यंत्रासारखा जगला तरच हे पैसे पुरणार होते, आणि पगार त्याहूनही कमी होता. मग घरं चालत कशी?

पैसा हाती यायचा शनिवारी

इंग्लंडमधल्या मजुराचा पगार आठवड्याचा असे आणि बहुधा शनिवारी दुपारी मिळे. (मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार, तोही उशिराने, अशी रीत होती. तिथला उसनवारीचा सगळा ताल त्यामुळे वेगळा.) शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली ती १८५० च्या कारखाना कायद्यामुळे. कापड गिरण्यांत बायका आणि १३ ते १८ वर्षांची मुलं यांना सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच काम, त्यात जेवणाखाणाला दीड तास, आणि शनिवारी दुपारी २ ला गिरणी बंद. कायदा पुरुषांबद्दल बोलत नव्हता, पण बायका-पोरांशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषांचाही आठवडा साधारण ६० तासांवर आला. १८७४ मध्ये तो साडेछप्पन तासांचा झाला. मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काची रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावं लागलं, आणि त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती.

पगाराचा आकडा एवढं सांगून भागत नाही, तो कसा मिळायचा तेही पाहावं लागतं. वायव्य इंग्लंडातल्या लँकेशायर या कापड गिरण्यांच्या परगण्यातल्या विणकामाचंच घ्या. गिरणगावच्या बोलीतलं साचेखातं. एक विणकर बहुधा ४ साचे, म्हणजे यंत्रमाग, सांभाळी. मजुरी ताग्यावर: ठरावीक लांबीचं, ठरावीक विणीचं कापड निघालं की ठरलेले पैसे. बाईला आणि पुरुषाला दर सारखाच, जे त्या काळी फार थोड्या धंद्यांत होतं. धागा तुटला की साचा थांबवायचा, टोकं हुडकून गाठ मारायची, साचा पुन्हा सुरू करायचा. थांबलेल्या साच्याचे पैसे नाहीत. धोट्यातली, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळ्यातली, कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून ओठांनी ओढून बाहेर काढायचं. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत, त्यातून रोग पसरत. हवा कोरडी झाली की धागे जास्त तुटतात, म्हणून शेडमध्ये वाफ सोडत. माणसं दिवसभर दमट उकाड्यात भिजत आणि सुटल्यावर तशीच बोचऱ्या थंडीत बाहेर पडत. या वाफेवर मर्यादा घालायला १८८९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, त्यामुळे विणकर एकमेकांचे ओठ वाचून बोलत.

धागा कापसावर अवलंबून, आणि इथे आपला संबंध येतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून जाणारा हिंदुस्थानी कापूस घ्यावा लागला. त्याला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा तंतू आखूड, शिवाय गाठोड्यात माती आणि पाला. सूत वारंवार तुटे. तास तेवढेच, घाम तेवढाच, पण कापड कमी, म्हणून पगारही कमी. आणि हे ज्यांची गिरणी चालू होती त्यांचं. १८६२ च्या अखेरीला सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या भाकरीवर होती. त्याच काळात मुंबईत पैशाचा पूर आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. एका लढाईची ही दोन टोकं, आणि दोन्हीकडे सोसणारा माणूस साधाच.

गोदीतल्या हमालाचं याहून वाईट होतं. लंडनच्या गोद्यांच्या दारात रोज सकाळी माणसांची गर्दी उभी राही, मुकादम हवी तेवढी निवडे, बाकीचे परत. काही तासांचं काम संपलं की छुट्टी. १८८९ च्या मोठ्या संपात त्यांनी मुख्यतः मागितलं ते असं: तासाला ५ ऐवजी ६ पेन्स, आणि एकदा कामावर घेतलं की निदान ४ तासांचे पैसे. संप जिंकला. पण जहाजच आलं नाही तर ६ पेन्सचा दर असून काय उपयोग? आठवड्याला सरासरी किती मिळतात यापेक्षा कोणत्या आठवड्यात काहीच मिळत नाही, याचीच धास्ती घराला जास्त असे.

पैसा चालायचा बाईच्या हातून

लँकेशायरच्या बऱ्याच घरांत नवरा सगळा पगार बायकोच्या हाती ठेवी आणि तिच्याकडून खर्चाला थोडं परत घेई. इतर ठिकाणी तो ठरलेली रक्कम देई आणि उरलेली स्वतःकडे ठेवी. अशा घरात नवऱ्याचा पगार किती, हे पुष्कळ बायकांना माहीत नसे. कुटुंब जगलं की बुडालं, हे या एका रिवाजावर बरंच ठरे.

सोमवार धुण्याचा. पाणी नळावरून बादल्यांनी आणायचं, कारण पुष्कळ वस्त्यांत पूर्ण आवाराला एकच नळ असे. भट्टीवरच्या तांब्याच्या हंड्यात ते तापवायचं. कपडे लाकडी पिपात घालून दांड्याने घुसळायचे, पांढरे उकळायचे, मग खळखळून काढायचे, शेवटच्या पाण्यात नीळ, मग खळ. (आपल्याकडे रॉबिन नीळ विकणारी रेकिट कंपनी मूळची उत्तर इंग्लंडातल्या हल शहरातलीच.) पिळायला दोन लाकडी रुळांचा चरक, त्यातून कपडा घालायचा आणि हँडल फिरवायचं. सोमवारी पाऊस असला की सगळं धुणं एकुलत्या एका गरम खोलीत दोऱ्यांवर लोंबे, भिंतींना ओल धरे, आणि त्याच खोलीत तान्हं मूल खोकत असे.

सोमवारचं दुसरं काम म्हणजे गहाणवटदाराकडे जाणं. दारावर तीन पितळी गोळे टांगलेलं त्याचं दुकान प्रत्येक कामगारवस्तीत असे. रविवारी नवऱ्याने घातलेला सूट सोमवारी गहाण पडे आणि शनिवारी पगार झाला की सुटे. १८७२ च्या कायद्याने दर बांधून दिला होता: दर २ शिलिंगांना महिन्याला अर्धी पेनी व्याज, शिवाय १० शिलिंगांपर्यंतच्या कर्जाला चिठ्ठीची अर्धी पेनी. २४ पेन्सना अर्धी पेनी म्हणजे महिन्याला साधारण २ टक्के, वर्षाला २५. हे वाचून सावकार बरा होता असं वाटेल. खोच पुढे आहे. महिन्याच्या आत वस्तू सोडवली तरी व्याज पूर्ण महिन्याचं द्यावं लागे. सूटवर ६ शिलिंग घेतले तर व्याज दीड पेनी आणि चिठ्ठी अर्धी पेनी, असे आठवड्याला २ पेन्स. दर सोमवारी ठेवला आणि दर शनिवारी सोडवला तर वर्षाला १०४ पेन्स, म्हणजे ८ शिलिंग ८ पेन्स. मूळ रक्कम होती ६ शिलिंग! गरिबाला पैसा महाग पडतो तो असा, आणि तोही कायद्याच्या चौकटीत राहून.

किराण्याचंही तेच. चहा एक औंस, साखर पेनीची, कोळसा एका वेळी २८ पौंड वजनाची पिशवी. घाऊक घेतलं तर स्वस्त, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण टनभर कोळशाला रोख रक्कम लागते आणि ठेवायला जागा. कोपऱ्यावरचा दुकानदार उधार देई, म्हणून त्याचा भाव आणि त्याचा माल दोन्ही निमूट घ्यावे लागत. आणि माल कसा असे? पाव पांढरा दिसावा म्हणून त्यात तुरटी. १८५८ मध्ये ब्रॅडफर्ड शहरात स्वस्त गोळ्यांमध्ये भेसळीची पांढरी भुकटी घालताना चुकून सोमल (आर्सेनिक) पडला आणि २० च्या आसपास माणसं दगावली. भेसळीविरुद्धचा परिणामकारक कायदा यायला १८७५ उजाडलं.

यावर कामगारांनी स्वतः काढलेला तोडगा म्हणजे सहकारी दुकान. २१ डिसेंबर १८४४ ला रॉचडेल गावात टोड लेनवर २८ सभासदांनी दुकान उघडलं. माल म्हणजे लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. माप चोख, भेसळ नाही, नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. पण अट एक: उधारी नाही. त्यामुळे जे सर्वांत गरीब, ज्यांच्या खिशात शुक्रवारी काहीच नसे, ते कोपऱ्यावरच्या दुकानातच अडकून राहिले. महाराष्ट्रातल्या सहकाराची मुळं सांगताना रॉचडेलचं नाव नेहमी घेतलं जातं, ही अट सहसा सांगितली जात नाही.

ताटात काय

पाव, बटाटे, चहा, साखर, थोडं खारवलेलं डुकराचं मांस, आणि पावाला लावायला मांस भाजताना गळलेली थिजलेली चरबी. परवडलं तर रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजायचा, सोमवारी तोच थंड खायचा कारण धुण्यापुढे चूल मोकळी नसे, मंगळवारी उरलेल्याचा बटाटे घालून रस्सा. बुधवारपासून पाव आणि चहा वाढत जाई. मांस आधी नवऱ्याच्या ताटात. त्याचं शरीर चाललं तर पगार चालणार, हा हिशोब बाईला कुणी शिकवायला लागत नव्हता. स्वतःच्या वाट्याला तिने काय ठेवलं, ते तिचं तीच जाणे.

१८७० नंतर एक गोष्ट मात्र खरोखर सुधारली. परदेशी गहू स्वस्त झाला, १८७४ मध्ये साखरेवरचा कर गेला, १८८० पासून ऑस्ट्रेलियाचं आणि मग न्यूझीलंडचं गोठवलेलं मांस बोटीने येऊ लागलं. ज्याला बारमाही काम होतं त्याच्या घरी शतकाच्या शेवटी आजोबांपेक्षा चांगलं जेवण होतं, हेही सांगितलंच पाहिजे.

घर आणि मरण

भाड्याचे ४ शिलिंग कशाचे? जुन्या कारखानदार शहरांत पाठीला पाठ लावून घरांच्या रांगा बांधलेल्या होत्या. मागची भिंत मागच्या घराशी सामाईक, दोन्ही बाजू शेजाऱ्यांशी, दार आणि खिडक्या फक्त पुढे. खाली एक खोली, वर एक किंवा दोन. आरपार वारा नाही. संडास आवारात, अनेक घरांत मिळून एक, खाली खड्डा, तो भरला की मैला उपसायला माणसं रात्री येत. खड्डा झिरपून विहिरीला मिळाला की पटकी (कॉलरा). १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर नगरपालिकांनी नियम केले, नव्या घरांना मागचं अंगण आणि स्वतंत्र संडास मिळू लागला. जुनी घरं मात्र तशीच भरलेली राहिली.

मजुरांच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालातला एक आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय १७, आणि रटलंड या खेड्यापाड्यांच्या परगण्यातल्या मजुरांत ३८. याचा अर्थ माणसं सतराव्या वर्षी मरत होती असा नाही. तान्ही मुलं इतकी दगावत की साठीला पोचलेले धरूनही सरासरी तळाला जाई. शतक संपलं तेव्हाही जन्मलेल्या दर हजार मुलांमागे सुमारे १५० पहिल्या वाढदिवसाआधी जात. उन्हाळ्यातला जुलाब हे एक मोठं कारण. आई कामावर, बाळाला दुधाची बाटली, आणि त्या बाटलीला लांब रबरी नळी, जी आतून घासता येत नसे. आंबलेलं दूध नळीत राही आणि पुढच्या वेळी बाळाच्या पोटात जाई. साय काढून साखर घातलेलं डब्यातलं दूध स्वस्त आणि न नासणारं, पण त्यावर वाढलेल्या मुलांचे पाय मुडदूसाने वाकत. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं काकवीतलं औषध दुकानात मिळे. त्यात अफू होती.

म्हणूनच ज्या घरात पावाची भ्रांत, त्या घरातही आठवड्याला पेनी बाजूला निघे ती मर्तिकाच्या विम्याची. एजंट दारावर येऊन ती घेऊन जाई. बाहेरून पाहणाऱ्यांना हा वेडेपणा वाटे. पण पैसे नसले तर प्रेत सरकारी खर्चाने, बेवारशासारखं, सामाईक खड्ड्यात पुरलं जाई, आणि ती अप्रतिष्ठा कुणालाही नको होती. ज्यांना आणखी ४ ते ६ पेन्स जमत ते ऑडफेलोज किंवा फॉरेस्टर्ससारख्या परस्पर मदत मंडळात भरत. आजारपणात तिथून आठवड्याला साधारण १० शिलिंग मिळत.

मुलं कमावती होईपर्यंत

१८४४ च्या कायद्याने आठ वर्षांचं मूल कापड गिरणीत अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा करू शके. ही वयाची अट १८७४ मध्ये १०, १८९१ मध्ये ११ आणि १९०१ मध्ये १२ झाली. सकाळच्या पाळीला गेलेली पोरं दुपारी बाकावर झोपत. आईबाप निर्दय होते म्हणून त्यांना गिरणीत धाडत नव्हते. १८८० मध्ये शाळा सक्तीची झाली तरी फी होती, आठवड्याला २-३ पेन्स. बहुतेक शाळांची फी १८९१ मध्ये गेली.

राउनट्रींनी दाखवलेली सर्वांत मोलाची गोष्ट इथेच आहे. मजूर आयुष्यभर सारखा गरीब नसतो, गरिबी त्याच्याकडे तीनदा येते. तो स्वतः लहान असताना पहिल्यांदा. मोठा होऊन कमवू लागला, लग्न झालं, दोन पैसे शिल्लक पडले, की मुलं होतात आणि तिशीत दुसऱ्यांदा. थोरला मुलगा तेरा-चौदाचा होऊन पगार आणू लागला की घर वर येतं. मुलं आपापल्या संसाराला गेली आणि अंग थकलं की तिसऱ्यांदा. दुसरी गरिबी सर्वांत घातकी, कारण बाई गरोदर आणि अंगावर पाजणारी असते ती नेमकी त्याच वर्षांत, आणि त्याच वर्षांत ताटात सर्वांत कमी असतं. यॉर्कच्या लोकसंख्येतले २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात होते. ज्यांचा पगार जगण्यालाच अपुरा होता अशांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरी कर्त्या माणसाला नेमाने काम होतं, तो रोज कामावर जात होता, फक्त पगार कमी होता. दारू आणि आळस हीच गरिबीची कारणं, असं व्यासपीठांवरून सांगणाऱ्यांना हे उत्तर मिळालं.

तिसऱ्या गरिबीच्या शेवटी वर्कहाउस, म्हणजे निराधारांना ठेवून कामाला लावणारं सरकारी घर, उभं असे. १८३४ च्या कायद्याचं तत्त्व असं की आतलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्याहून वाईट असलं पाहिजे, म्हणजे माणूस आत येण्याआधी शंभरदा विचार करेल. आत गेल्यावर नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. चाळीस वर्षं एका चुलीशी काढलेली म्हातारी जोडपीही पुष्कळदा दारात वेगळी होत. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना पोस्टात जाऊन आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन घेता येऊ लागली. राणीला जाऊन तोवर आठ वर्षं होत आली होती, आणि जे आधीच गरीब-मदतीवर होते त्यांना ही पेन्शन मिळायला १९११ पर्यंत थांबावं लागलं.